जोडीदार स्ट्रोकने ॲडमिट असेल तर शेजारी बसणाऱ्याने काय काय करायचं

मेंदूचा सीटी स्कॅन झालेला असतो, पेशंट आत आयसीयूत आणि तुम्ही बाहेर खुर्चीवर, मांडीवर तिचे कपडे आणि चपला असलेली पिशवी, फोन सारखा वाजतोय, आणि आता आपण नक्की करायचं काय हे कोणीच सांगत नाही. त्या खुर्चीवर बसलेल्या माणसासाठी हे लिहितोय. माझ्या बायकोला वयाच्या ५१ व्या वर्षी स्ट्रोक, म्हणजे आपण लकवा म्हणतो तो, आला, मेंदूच्या डाव्या बाजूला गुठळी, त्यामुळे उजवा हात-पाय गेला आणि बोलणं बंद झालं. आम्ही सांगली जिल्ह्यातले, म्हणजे मोठं काही झालं की मिरजेचं हॉस्पिटल हे ठरलेलं. तिच्याजवळ बसून आणि डॉक्टर, सिस्टर, व्यायाम करून घेणारे फिजिओ, बोलणं आणि गिळणं बघणारे स्पीच थेरपिस्ट या सगळ्यांना विचारून विचारून जे कळलं ते एका जागी मांडतोय. तुमचा नवरा ॲडमिट असेल आणि तुम्ही बायको म्हणून सांभाळत असाल तरी बहुतेक सगळं हेच लागू आहे.

एक गोष्ट आधीच सांगतो, बाकीचं सगळं त्याच्यावरच उभं आहे. सलाईन, इंजेक्शन, मॉनिटर हे त्यांचं काम आहे आणि ते करतायत. पण हा माणूस कालपर्यंत कसा होता हे त्या अख्ख्या हॉस्पिटलमध्ये फक्त तुम्हाला माहितीय. ती कुठल्या हाताने जेवायची, चष्मा कुठला, एका कानाने कमी ऐकू येतं का, घरात कुठली भाषा बोलता, झोप किती, चहा कसा, कशाला घाबरते. हे सगळं त्यांना सांगणारे तुम्हीच. आणि तिथे सगळे तिच्याबद्दल बोलतात, तिच्याशी बोलणारं कोणीतरी लागतं, तेही तुम्हीच.

पहिले तीन-चार दिवस

स्ट्रोक दोन प्रकारचा असतो, एकात मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकते आणि दुसऱ्यात वाहिनी फुटून रक्तस्राव होतो. गुठळीवाले पेशंट जास्त असतात. दोन्हीचे उपचार वेगळे, गुठळीत रक्त पातळ करायची औषधं देतात आणि रक्तस्रावात तीच घातक ठरतात, म्हणून शेजारच्या बेडवरच्या पेशंटला काय दिलं त्याच्याशी आपल्या पेशंटची तुलना करत बसू नका. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत देतात, आणि मोठ्या वाहिनीतली गुठळी मांडीतल्या धमनीतून तार घालून काही ठराविक पेशंटमध्ये २४ तासांपर्यंत काढता येते. तुमच्या केसमध्ये हे झालं असेल किंवा वेळ निघून गेली असेल. भेटायला आलेलं कोणीतरी हमखास म्हणणार की जरा लवकर आणायला हवं होतं, त्याला उत्तर देत बसू नका, तुमची ताकद पुढच्यासाठी लागणार आहे.

डॉक्टरांचा राउंड पाच मिनिटांचा असतो आणि समोर आले की आपण सगळं विसरतो, म्हणून एक शंभर पानी वही घ्या आणि प्रश्न आदल्या रात्रीच लिहून ठेवा. गुठळी की रक्तस्राव, मेंदूच्या कुठल्या बाजूला, कशामुळे झालं, म्हणजे बीपी, शुगर, हृदयाचे अनियमित ठोके की मानेतल्या नसेत ब्लॉक, गिळायची टेस्ट झाली का, फिजिओ कधीपासून, आणि आज आम्ही घरच्यांनी काय करायचं. शेवटचा प्रश्न रोज विचारा. त्याच वहीत कुठल्या दिवशी काय सांगितलं, कुठलं औषध बदललं हेही लिहा, कारण ड्यूटी बदलते, डॉक्टर बदलतात, आणि रात्री मुलगा येऊन बसला की त्याला वही दिली की झालं.

बीपीवरून घरच्यांची फार घालमेल होते, मॉनिटरवर १८० दिसतंय आणि हे लोक गोळी का देत नाहीत. गुठळीच्या स्ट्रोकमध्ये ते गुठळी विरघळवायचं इंजेक्शन दिलेलं नसेल तर सुरुवातीला २२०/१२० च्या खालचं बीपी बऱ्याचदा मुद्दाम उतरवत नाहीत, कारण अडकलेल्या जागेच्या आजूबाजूचा मेंदू त्या दाबावरच कसाबसा तगून असतो. इंजेक्शन दिलं असेल तर मात्र १८०/१०५ च्या खाली ठेवतात, रक्तस्राव असेल तर अजून खाली आणतात. तेव्हा आकडा बघून घाबरायच्या आधी विचारा की आमच्या पेशंटचं टार्गेट किती आहे, उत्तर मिळालं की अर्धी काळजी जाते.

मेंदूची सूज साधारण दुसऱ्या ते पाचव्या दिवसात वाढू शकते, आणि इथे तुमचे डोळे खरंच कामाला येतात. काल हाक मारली की बघत होती आणि आज नुसती झोपतेय, उलटी झाली, डोकं धरतेय, तोंड किंवा हात कालच्यापेक्षा जास्त लुळा वाटतोय, श्वास घाईघाईने चाललाय, अंगात ताप आहे, एका पायाची पोटरी सुजलीय, यातलं काहीही दिसलं तर राउंडची वाट न बघता लगेच सिस्टरना सांगा, आणि सांगताना "काहीतरी वेगळं वाटतंय" एवढंच न म्हणता काल काय होतं आणि आज काय आहे असं सांगा, म्हणजे ते लगेच मनावर घेतात. फिट आली तर कुशीवर वळवा आणि ओरडून बोलवा, तोंडात चमचा घालायचा नाही, कांदा-चप्पल हुंगवायची नाही, पाणी पाजायचं नाही.

अजून एक, छोटंसंच आहे पण घरात त्यावरून रडारड होते. एमआरआयच्या आधी अंगावरचं सगळं धातूचं काढायला लागतं, मंगळसूत्र, जोडवी, चमकी, केसातल्या पिना, आणि हात सुजला तर बांगड्याही. आमच्या सासूबाईंना ते बघवेना. त्यांना शांतपणे सांगायचं की हे मशीनसाठी आहे, आणि सगळं नीट पुरचुंडीत बांधून एकाच जबाबदार माणसाकडे द्यायचं, वहीत नोंद करून. चष्मा आणि कानाचं मशीन मात्र शुद्ध आल्यावर लगेच परत लावायला मागा. आधीच अर्धं जग हललेलं असतं, त्यात दिसत नाही, ऐकू येत नाही, मग पेशंट अजून गोंधळतो. कवळी असेल तर ती ग्लानीत असेपर्यंत बाहेरच ठेवतात.

तोंडातून काहीही द्यायच्या आधी थांबा

हा भाग जरा लांबवतोय कारण घरच्यांच्या प्रेमातून सगळ्यात मोठं नुकसान इथेच होतं. स्ट्रोकनंतर सुरुवातीला जवळजवळ निम्म्या पेशंटना नीट गिळता येत नाही. आपल्याला ते दिसत नाही, ओठ हलतात, घशात काहीतरी गेलं असं वाटतं, पण ते पाणी अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत उतरतं आणि दोन दिवसांनी न्यूमोनिया. कधीकधी तर ठसकाही लागत नाही, सरळ आत जातं. म्हणून गिळण्याची टेस्ट होऊन डॉक्टर किंवा स्पीच थेरपिस्ट हो म्हणेपर्यंत पाण्याचा थेंबही नाही. घशाला कोरड पडलीय म्हणून चमचाभर पाणी नाही, नारळपाणी नाही, तीर्थ नाही, गंगाजल नाही, देवाचा प्रसाद म्हणून साखरेचा दाणाही नाही. गावाकडून आलेली म्हातारी माणसं अंगारा जिभेवर लावायला जातात, त्यांना अंगारा कपाळाला लावू द्या, तेवढ्याने त्यांचं समाधान होतं. मी तर बेडच्या डोक्याशी एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून चिकटवलं होतं, तोंडातून काही देऊ नये, सिस्टरना विचारा. सिस्टरच म्हणाल्या चांगलं केलं.

नाकातून नळी घातली की घरचे खचतात, की आता हे कायमचंच झालं. बऱ्याच जणांची नळी काही दिवसांत किंवा आठवड्यांत निघते, ती पोटात अन्न आणि औषध सुरक्षित जावं म्हणून असते. नळीतून द्यायचं असेल तेव्हा डोक्याची बाजू ३० ते ४५ अंश वर हवी आणि दिल्यावर निदान अर्धा तास तशीच ठेवायची, आणि सिस्टरनी शिकवून, स्वतःसमोर करून घेतल्याशिवाय एकट्याने देऊ नका. पेशंट झटका देऊन नळी ओढतो, त्यामुळे रात्री झोपेत चांगला हात कुठे जातोय ते बघत राहायला लागतं.

तोंडातून द्यायची परवानगी मिळाली की मग घाई नको. पातळ पदार्थ सगळ्यात अवघड, पाणी आणि चहा पटकन घसरतात, म्हणून आधी जाडसर देतात, दह्यासारखं दाट, मऊ खिचडी मिक्सरमधून काढलेली, नाचणीची दाट आंबील, कुस्करलेलं केळं, नक्की किती दाट ते थेरपिस्ट सांगतात आणि पाणी दाट करायची पावडरपण मिळते. सरळ बसवून, मान मागे न टाकता, अर्धा चमचा, चांगल्या बाजूने, आणि आधीचा घास गिळलाय हे बघूनच पुढचा. लुळ्या बाजूच्या गालात घास साचून राहतो तो तिला कळत नाही, म्हणून जेवण झाल्यावर तोंड उघडून बघा आणि बोटाला ओलं स्वच्छ कापड गुंडाळून काढा. भरवताना टीव्ही बंद, गप्पा बंद. मधेच आवाज घोगरा, ओलसर झाला, डोळ्यात पाणी आलं, ठसका लागला की थांबा आणि सांगा. आणि जेवत असो वा नळीवर असो, दात आणि जीभ दिवसातून दोन-तीनदा स्वच्छ करायलाच हवी, तोंडातली घाण छातीत उतरूनही न्यूमोनिया होतो हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

बोलणं गेलेलं असतं, माणूस गेलेला नसतो

मेंदूच्या डाव्या बाजूला स्ट्रोक असेल तर बऱ्याचदा भाषाच अडकते. कोणाला सगळं समजतं पण शब्द निघत नाही, कोणी भरपूर बोलतं पण त्याचा अर्थ लागत नाही, कोणाला दुसऱ्याचं बोलणंही नीट कळत नाही. पाणी म्हणायचं असतं आणि तोंडातून पंखा येतं, हो म्हणायचं असतं आणि नाही येतं, मग चिडचिड होते. याचा अर्थ बुद्धी गेली असा नाही. ती तुम्हाला ओळखते, तिला लाज वाटते, तिला राग येतो. म्हणून तिच्या बेडशेजारी उभं राहून "आता काय ही पूर्ववत होणार नाही" असलं बोलणं कोणालाही करू देऊ नका, काका असोत, मामा असोत, सरळ हाताला धरून बाहेर न्या. तुम्हाला काही बोलायचं असेल तर तिला सामील करून बोला, अगं डॉक्टर म्हणाले उद्या खुर्चीत बसवणार, चालेल ना तुला, आणि मग थांबा.

थांबणं हेच सगळ्यात अवघड आहे. प्रश्न विचारला की आपण दोन सेकंदांत स्वतःच उत्तर देऊन मोकळे होतो. तिला वेळ द्या, मनात दहापर्यंत मोजा. एका वेळी एकच गोष्ट, छोटं वाक्य, समोर बसून, तिच्या डोळ्यांच्या पातळीवर. "काय पाहिजे" यापेक्षा "पाणी पाहिजे?" असं विचारा, म्हणजे मान हलवून सांगता येईल, आणि हो-नाही मध्येही गल्लत होतेय असं वाटलं तर उलटा प्रश्न विचारून खात्री करा. दोन वस्तू समोर धरा, चादर की स्वेटर, बोट दाखवू दे. एका पुठ्ठ्यावर चित्रं काढा, पाणी, संडास, दुखतंय, गरम होतंय, कुशीवर वळवा, पंखा, आणि मुलांचे फोटो. आमच्या मुलीने असा पुठ्ठा करून प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला होता आणि तो सिस्टरनाही इतका उपयोगी पडला की शेजारच्या बेडसाठी त्यांनी तसाच मागितला. मोठ्याने ओरडून बोलू नका, ती बहिरी झालेली नसते, आणि लहान बाळाशी बोलतात तसं तर अजिबात नको.

एक गोष्ट बघून आम्ही सगळे चकित झालो, तुम्हीही करून बघा. स्वतःहून एक शब्द न निघणारी माणसं पाठ असलेलं सुरात सुरू केलं की पुढचं म्हणतात. अंक एक ते दहा, सोमवार मंगळवार, बेचा पाढा, रोजची आरती. आपण सुरुवात करायची आणि शेवटचा शब्द तिच्यासाठी सोडायचा. लगेच बोलणं येत नाही त्याने, पण आपला आवाज अजून आहे हे तिला कळतं, आणि त्याने चेहऱ्यात फरक पडतो.

आणि भाषा कुठली हे थेरपिस्टना नीट सांगा. माझ्या बायकोचं माहेर कर्नाटकच्या सीमेजवळच्या जतकडचं, लहानपणी घरात कानडी, लग्नानंतर सगळं मराठी. तिचे पहिले दोन-तीन शब्द कानडी आले आणि वॉर्डमध्ये कोणाला कळेनात, सगळ्यांना वाटलं बरळतेय. मेव्हण्याने ऐकलं आणि सांगितलं, अहो ती आईला बोलावतेय. दोन भाषा येणाऱ्या माणसात दोन्ही भाषा सारख्याच वेगाने परत येतील असं नसतं. तुमच्याकडे मालवणी असेल, अहिराणी असेल, वऱ्हाडी असेल, तर तीच बोला, हॉस्पिटलमधली पुस्तकी भाषा नको.

स्ट्रोक उजव्या बाजूला असेल तर बोलणं बऱ्याचदा ठीक असतं पण डावी बाजू जणू नाहीच असं होतं, ताटातली डावी अर्धी भाजी तशीच राहते, डाव्या बाजूला उभ्या माणसाकडे बघतच नाही, आणि घरच्यांना वाटतं रुसलीय. सुरुवातीला तिला दिसतंय त्या बाजूने जाऊन बोला, मग फिजिओ सांगतील तसं हळूहळू दुसऱ्या बाजूला बसायला लागा, म्हणजे मान तिकडे वळायला लागेल.

हात, पाय, पाठ

लुळा हात धरून कधीही ओढायचं नाही. वर सरकवताना, बसवताना, कपडे बदलताना सगळ्यात आधी हात तोच ओढला जातो, आणि खांदा सैल पडलेला असल्याने सांधा खाली सरकतो, मग महिनोनमहिने खांदा दुखतो आणि त्या दुखण्यापायी व्यायामच होत नाही. काखेत हात घालून उचलायचंही नाही. चादरीने दोघांनी मिळून सरकवायचं, ते मामांकडून म्हणजे वॉर्डबॉयकडून शिकून घ्या. हात उशीवर ठेवा, बेडवरून लोंबकळू देऊ नका. ब्लाउज किंवा गाऊन घालताना आधी लुळा हात, काढताना आधी चांगला.

दर दोन तासांनी कूस बदलायची, रात्रीसुद्धा. माकडहाड, टाचा, नितंबाची बाजू, इथे लाल डाग दिसला आणि दाबूनही तो जात नसेल तर बेडसोरची, म्हणजे पडून पडून होणाऱ्या जखमेची, सुरुवात आहे, लगेच दाखवा. त्या जागी चोळायचं नाही. टाचा गादीला टेकणार नाहीत अशी पोटरीखाली उशी. हवेची गादी मिळते ती लावलीत तरी कूस बदलणं सुटत नाही. त्या बाजूला स्पर्श कमी कळतो म्हणून गरम पाण्याची पिशवी, विटेचा शेक, कडक तेल काही लावू नका, भाजलेलं तिला कळणारच नाही. लघवीची पिशवी कायम कमरेच्या खाली हवी, आणि नळी अजून गरजेची आहे का हे दर दोन दिवसांनी विचारत राहा, जितकी जास्त दिवस राहील तितकं इन्फेक्शन जवळ.

लवकर उभं करायची घाई घरच्यांना असते. २०१५ साली आलेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात असं दिसलं की पहिल्या २४ तासांतच जास्त प्रमाणात हालचाल सुरू केलेल्या पेशंटचं उलट थोडं वाईट झालं. त्यानंतर मात्र फिजिओ सांगतील त्या दिवसापासून चुकवायचं नाही. त्यांच्या सेशनला तुम्ही शेजारी उभे राहा, फोनवर रेकॉर्ड करू का विचारा, आणि दिवसातून दोन-तीनदा तेवढंच करून घ्या, जास्त नाही. पहिल्या तीन महिन्यांत सुधारणा सगळ्यात वेगाने होते, पुढेही होत राहते पण सावकाश. तिला जे चांगल्या हाताने करता येतं, तोंड पुसणं, कंगवा धरणं, ते तिला करू द्या, वेळ लागला तरी.

रडणं, चिडणं, झोपणं

अचानक हुंदके, किंवा कोणी काही बोललं नसताना हसू, हे मेंदूच्या इजेमुळे होतं, प्रत्येक वेळी त्यामागे दुःख असतंच असं नाही. अशा वेळी "रडू नकोस" म्हणून मागे लागू नका, हात धरा, विषय बदला, एक-दोन मिनिटांत थांबतं. पण दिवसचे दिवस गप्प, जेवण नको, व्यायाम नको, भिंतीकडे तोंड, असं असेल तर ते डिप्रेशन असू शकतं, साधारण तीनातल्या एका पेशंटला स्ट्रोकनंतर कधी ना कधी होतं, औषध आहे, डॉक्टरांना सांगा. आयसीयूत रात्र-दिवस कळत नाही म्हणून पेशंट काहीबाही बोलतो, नळ्या उपटतो, तेव्हा घड्याळ दिसेल असं ठेवा, आज वार कुठला, सकाळ आहे की संध्याकाळ हे सांगत राहा.

थकवा फार असतो, पंधरा मिनिटं फिजिओ झालं की दोन तास झोप, हे नॉर्मल आहे. म्हणून भेटायला येणाऱ्यांना आवरायलाच लागतं. आपल्याकडे गाडी भरून लोक येतात, न आलं तर राग धरतात. एका जबाबदार नातेवाईकाला हे काम द्या, फॅमिलीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज संध्याकाळी एक मेसेज तोच टाकेल, आणि कोण कधी येणार तेही तोच ठरवेल. येणाऱ्यांना सांगा की फळं नकोत, डबा आणा, किंवा रात्री दोन तास बसा म्हणजे मी झोपेन.

आणि नवऱ्यांसाठी थोडं वेगळं. बायकांच्या जनरल वॉर्डमध्ये बऱ्याच ठिकाणी रात्री पुरुषाला थांबू देत नाहीत, तेव्हा पहिल्याच दिवशी बहीण, मुलगी, वहिनी यांच्या पाळ्या लावा, किंवा पेशंट सांभाळायला माणसं देणाऱ्या ब्युरोकडून मावशी लावा आणि तिलाही गिळण्याचं आणि खांद्याचं सगळं समजावून सांगा. दिवसा मात्र अंग पुसणं, डायपर बदलणं, केस विंचरणं यात लाजू नका, तिला परक्या माणसाच्या हातापेक्षा तुमचा हात बरा वाटतो का ते तिलाच विचारा, आणि पडदा ओढल्याशिवाय काही करू नका, कितीही घाईत असाल तरी. वेणी घालायला मी तिथेच शिकलो. टिकली लावली की आरशात बघायची. स्वतःचं जेवण, आणि तुमच्या स्वतःच्या बीपी-शुगरच्या गोळ्या, या सुटल्या तर दोघंही आडवे.

पैसे आणि कागद

रेशनकार्ड, आधार आणि आधीचे सगळे रिपोर्ट एका फाइलमध्ये, झेरॉक्ससकट. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत कव्हर आहे, योजनेतल्या हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेच्या माणसाचं, टेबल असतं, ॲडमिट झाल्याझाल्याच तिथे जा, नंतर नाही, आणि स्ट्रोकसाठी हे हॉस्पिटल योजनेत आहे का हे स्पष्ट विचारा. हेल्पलाइन १५५३८८. धर्मादाय ट्रस्टच्या मोठ्या हॉस्पिटल्सना १० टक्के बेड निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायला लागतात, त्यासाठी तिथल्या समाजसेवकाला भेटा, उत्पन्नाचा दाखला लागतो. मेडिक्लेम असेल तर हॉस्पिटलमधल्या टीपीए डेस्कला, म्हणजे विम्याचं काम बघणाऱ्या टेबलाला, पहिल्याच दिवशी कळवा. संमतीचा प्रत्येक फॉर्म समजल्याशिवाय सही करू नका, समजावून मागणं हा हक्क आहे. आणि जमिनीच्या, बँकेच्या कसल्याही कागदावर या काळात तिचा अंगठा कोणालाही घेऊ देऊ नका, तिला नीट समजून हो-नाही सांगता येईपर्यंत.

लकव्याच्या औषधाबद्दल

अंगावरून वारं गेलंय म्हटल्यावर चार लोक चार गावांची नावं सांगतात, अमुक ठिकाणी झाडपाला देतात, तमुक ठिकाणी कबुतराचं रक्त चोळतात, तिसऱ्याच दिवशी चालत घरी. सांगणाऱ्याच्या मनात वाईट नसतं. काही पेशंट पहिल्या आठवड्यात आपोआपच बरेच सुधारतात आणि श्रेय त्या औषधाला जातं. पण डिस्चार्ज घेऊन गाडीत घालून न्यायचं म्हणजे बीपीची, रक्त पातळ करायची औषधं बंद, गिळता येत नसताना तोंडात काढा, आणि दुसरा स्ट्रोक येण्याचा धोका सगळ्यात जास्त असतो तो याच दिवसांत. कोणी फारच आग्रह केला तर त्यांना डॉक्टरांसमोर घेऊन जा आणि तिथे विचारायला लावा.

घरी जायच्या आधी

डिस्चार्जच्या दिवशी बिलाच्या गडबडीत कोणी काही शिकवत नाही, म्हणून दोन-तीन दिवस आधीच मागे लागा. बेडवरून खुर्चीत कसं बसवायचं, नळी असेल तर कशी सांभाळायची, लघवीची पिशवी, आणि फिट आली तर काय, हे तुमच्या हाताने करून दाखवा आणि सिस्टरना बघायला सांगा. घरात तोपर्यंत कोणाला तरी पाठवून कमोडची खुर्ची, बाथरूममध्ये धरायला दांडी, जमिनीवरच्या अंथरुणाऐवजी गुडघ्याच्या उंचीचा पलंग, पायपुसणी उचललेली, एवढं करून घ्या.

डिस्चार्ज समरी तिथेच बसून वाचा. प्रत्येक गोळी कशासाठी, किती दिवस, जेवणाआधी की नंतर, हे वहीत मराठीत लिहून घ्या. रक्त पातळ करायची, बीपीची आणि कोलेस्टेरॉलची गोळी बरं वाटतंय म्हणून बंद करायची नाही, दात काढायचा असला तरी आधी विचारून. घरचं बीपी मशीन घ्या आणि किती असायला हवं तो आकडा लिहून आणा. तंबाखू, विडी, आणि आमच्या भागातल्या बायकांची मिश्री, तीपण तंबाखूच आहे, ती बंद. लोणचं, पापड, खारवलेलं कमी. पुढची तपासणी कधी, घरी येणारा फिजिओ कोण, स्पीच थेरपी कुठे, नळी बदलायची किंवा काढायची तारीख कुठली, आणि रात्री-अपरात्री काही झालं तर कुठल्या नंबरवर फोन करायचा, हे पाच लिहून घेतल्याशिवाय व्हीलचेअर लिफ्टकडे नेऊ नका. तोंड वाकडं झालं, हात पडला, बोलणं अडखळलं असं पुन्हा कधीही दिसलं तर घरगुती काही करत न बसता तडक १०८ ला फोन करा आणि ती शेवटची पूर्ण ठीक कधी होती ती वेळ घड्याळात बघून लक्षात ठेवा, आत गेल्यावर डॉक्टर सगळ्यात आधी तेच विचारतात.